शितावरून भात

वारीच्या दिवसांत आळंदी-देहूपासून पंढरपुरापर्यंत पुस्तकांच्या पालांवर संतचरित्रे रचून ठेवलेली असतात. हरिपाठ, गाथा, ज्ञानेश्वरी यांच्या शेजारी अलीकडे नव्या लेखकांचे संशोधनपर ग्रंथही दिसू लागले आहेत. संतांविषयी नव्याने लिहिले जाते, याचा आनंदच आहे. परंतु या ग्रंथांत एक खोट वारंवार आढळते, आणि तिचा विचार आपण वारकऱ्यांनी करणे अगत्याचे आहे. ही खोट सिद्धान्तातली नाही, साध्या माहितीतली आहे.

नमुन्यादाखल पाहा. एक ग्रंथकार माउलींचा जन्म शके ११९७चा देतो, ज्ञानेश्वरी शके १२१२मध्ये सिद्ध झाली असेही सांगतो, आणि त्याच पानावर ‘त्या वेळी माउलींचे वय वीस वर्षांचे होते’ असे लिहून मोकळा होतो. त्याच्याच आकड्यांची वजाबाकी पंधरा येते. दुसरा नेवासे गोदावरीच्या काठी नेऊन बसवतो. ते आहे प्रवरेच्या काठी. तिसरा बेलवाडीचे गोल रिंगण माउलींच्या सोहळ्यात घालतो. बेलवाडी तुकोबारायांच्या वाटेवर आहे. माउलींचे पहिले उभे रिंगण चांदोबाच्या लिंबाला होते, हे दिंडीतले लहान पोरही सांगेल. चौथ्याने तर तुकोबारायांच्या शिष्या बहिणाबाई आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांची एकच व्यक्ती केली. शिऊरच्या बहिणाबाई १७०० साली गेल्या, आसोद्याच्या बहिणाबाई १८८० साली जन्मल्या. मध्ये १८० वर्षे आहेत.

शकाचे सन करतानाही अशीच गफलत होते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. पण इंग्रजी वर्ष जानेवारीत पालटते आणि शक चैत्रात. म्हणून जानेवारी लागल्यापासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, शके १२१८. तिथे ७८ मिळवून १२९६ बरोबर येते. तुकोबारायांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची. शके १५७१ धरला, तर सन १६५० येतो, १६४९ नव्हे. बीज दरवर्षी पाळणाऱ्या आपल्याला हे सहज कळते. ग्रंथकाराने पंचांग उघडले असते, तर त्यालाही कळले असते.

कोणी म्हणेल, ‘महाराज, इतके काय धरून बसता? भाव घ्यावा, आकडे सोडून द्यावेत.’ भावाच्या ग्रंथाला हे लागू आहे. पण जो ग्रंथ ‘मी पुराव्याने सांगतो’ अशी प्रतिज्ञा करतो, त्याची परीक्षा पुराव्यानेच व्हायची. आणि आपण सामान्य वाचक ती परीक्षा करणार कशी? जुन्या पोथ्या आपल्या हाती नाहीत, मोडी कागद आपल्याला लागत नाहीत. आपल्याला तपासता येते ते एवढेच: गाव कुठले, नदी कुठली, तिथी कुठली, रिंगण कुठे. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. सबंध भात कोणी चिवडत नाही.

आता खरी अडचण ऐका. असाच एखादा ग्रंथकार पुढच्या प्रकरणात सांगतो की, गाथ्यातले अमुक अभंग तुकोबारायांचे नव्हेत, मागून कोणी घातले आहेत. ही गोष्ट लहान नाही. पिढ्यान्‌पिढ्या जो अभंग भजनात म्हटला, तो तुकोबारायांचा नाही असे तो सांगतो आहे. कदाचित त्याचे म्हणणे खरेही असेल. गाथ्यात प्रक्षेप झालेच नाहीत, असे कोणी जाणता म्हणणार नाही. पण त्याने पोथ्या नीट ताडून पाहिल्या असतील, हे आम्ही कशाच्या बळावर मानावे? बेलवाडी कोणाच्या वाटेवर आहे, हे ज्याने विचारून घेतले नाही, त्याने हस्तलिखिताचे अक्षर निरखून वाचले असेल कशावरून? लहान चुकीने होणारे मोठे नुकसान हेच. खोटे तर खोटेच राहते. पण खरेही ऐकून घेतले जात नाही. लेखकाची वर्षांची मेहनत एका नदीच्या नावात वाहून जाते.

येथे तारतम्यही ठेवले पाहिजे. छापखान्यात आकडा उलटा पडला, तर त्यासाठी लेखकाला सुळी देऊ नये. मतभेद ही चूक नव्हे. माउलींचा जन्मशक ११९३ मानणारा पक्ष आहे, ११९७ मानणाराही आहे. तुकोबारायांच्या जन्मशकाबद्दलही अभ्यासकांत एकवाक्यता नाही. लेखकाने कोणताही पक्ष घ्यावा. फक्त दुसरा पक्ष आहे हे सांगावे आणि आपल्या पक्षाशी शेवटपर्यंत राहावे. तसेच चमत्काराचे. मुक्ताबाईंसह चारी भावंडे भिंतीवर बसून चांगदेवांना सामोरी गेली, हे चरित्रात वाचून आपला विश्वास ढळत नाही, कारण ती कथा श्रद्धेच्या अंगणात उभी आहे आणि तसे ती लपवत नाही. विश्वास ढळतो तो हयगयीने. एक पत्र धाडून किंवा एक पुस्तक उघडून जे कळले असते, ते न पाहता लिहिल्याने.

आपल्या परंपरेने याबाबत फार उंच माप घालून दिले आहे. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ ३०० वर्षांनी, शके १५०६मध्ये, नाथमहाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला म्हणून शोधून शुद्ध केला, असे त्यांनी नोंदवून ठेवले आणि त्यात स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. स्वतः एवढे थोर ग्रंथकार. पण दुसऱ्याच्या ग्रंथात अक्षर जपले. ताहाराबादच्या महिपतीबुवांनी शके १६८४मध्ये भक्तविजय पुरा केला. आपण मनचे लिहीत नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे लिहितो, हे त्यांनी वाचकाला आधीच सांगितले.

आपल्या कीर्तनाचीही हीच रीत आहे. बुवांनी विधान केले की संतवचनाचे प्रमाण द्यायचे. प्रमाणातला शब्द घसरला, तर मागे उभे असलेले टाळकरी तो तिथल्या तिथे सावरतात. त्यांना गाथा मुखोद्गत असतो. त्यात कोणी अपमान मानत नाही. उलट टाळकरी तयारीचे आहेत म्हटले की बुवाही घरून तयारी करून येतात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मागे मात्र टाळकरी उभे नसतात. त्याचा चुकलेला शब्द तसाच छापला जातो, तिथून एखाद्या तरुण कीर्तनकाराच्या वहीत उतरतो, आणि सप्ताहाच्या मंडपातून हजार कानांत जातो.

म्हणून वाचकहो, ते टाळकऱ्याचे काम आपण करावे. पुस्तक वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. आपल्या गावाची, आपल्या दिंडीची, आपल्या फडाची जी माहिती आपल्याला पक्की आहे, ती तिथे चुकली असेल तर समासात खूण करा आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर दोन ओळींचे पत्र टाका. पत्रात राग नको. पान, ओळ आणि बरोबर काय, एवढेच लिहा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली, तर तो लेखक विश्वास ठेवण्याजोगा आहे असे समजा आणि त्याचा पुढचा ग्रंथ अवश्य घ्या. आणि तीच चूक पुन्हा छापून आली, तर ज्या प्रकरणांची परीक्षा आपल्याला करता येत नाही, ती त्याच्या शब्दावर मानू नका.

॥ रामकृष्ण हरी ॥