आर्गांचे दुखणे

आमच्या मामांजवळ औषधांचा एक पत्र्याचा डबा असे. दिवाळीला ते आमच्याकडे आले, की आम्हां मुलांचे लक्ष त्या डब्याकडे जाई. आत बाटल्या, पुड्या, मलमे आणि एक थर्मामीटर. मामा तासातासाला स्वतःची नाडी पाहत, आरशासमोर जीभ काढून उभे राहत. एका पाडव्याला मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. सारे घर हसले. मामाही हसले, पण त्या सकाळी ते फराळाला बसले नाहीत. कैक वर्षांनी मोलिएरचे ‘काल्पनिक रोगी’ वाचताना तो पाडवा मला पुन्हा आठवला.

मोलिएर आपल्याला परका नाही. हरिभाऊ आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ आणि अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ ही त्याच्याच घरची लेणी. ‘काल्पनिक रोगी’ हे त्याचे अखेरचे नाटक. ते 1673 च्या फेब्रुवारीत पॅरिसला रंगभूमीवर आले आणि त्यातल्या आर्गांची भूमिका स्वतः मोलिएरनेच केली. पडदा वर जातो तेव्हा आर्गां औषधविक्याचे बिल तपासत बसलेला असतो. या महिन्यात आठ औषधे आणि बारा एनिमे. गेल्या महिन्यात बारा औषधे आणि वीस एनिमे. तेव्हा या महिन्यात प्रकृती उतरली यात नवल ते काय, असा त्याचा हिशेब! एका बिलात माणूस उभा राहतो.

भित्र्या रोग्याची टिंगल, अशी या नाटकाची ख्याती आहे. मला ती अपुरी वाटते. भीती आर्गांची खरी. पण तिला खतपाणी घालणारे दुसरेच आहेत. घरात डॉक्टर असावा म्हणून आर्गां आपली मुलगी आंझेलिक हिला एका मठ्ठ तरुण डॉक्टराच्या गळ्यात बांधायला निघतो. हार्वेने 1628 साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला. त्याच्या विरुद्ध या जावईबापूंनी प्रबंध लिहिला आहे आणि वधूला भेट म्हणून तोच ते पुढे करतात! पण खरा विदारक प्रवेश डॉक्टर प्युर्गांचा. आर्गांने एक एनिमा थोडा लांबणीवर टाकला, एवढाच अपराध. प्युर्गां दुर्वासासारखा येतो आणि चार दिवसांत तुझा रोग असाध्य होईल, असा शाप देतो. एकापुढे एक रोगांची नावे उच्चारत तो आर्गांला थेट मृत्यूच्या दारात नेऊन सोडतो. आपण हसतो, आणि आर्गां खुर्चीत आक्रसतो. ज्याने धीर द्यायचा, तोच भीतीचा व्यापार करू लागला तर रोग्याने जायचे कोठे?

या साऱ्यांत शहाणी एकच, मोलकरीण त्वानेत. धनी आजारी आहेत का, असा प्रश्न निघाला तेव्हा ती वाद घालत नाही. आहात बाबा, फारच आजारी आहात, तुम्हांला वाटते त्याहून जास्त, असे ती म्हणते. त्यात थट्टा आहे, पण दुखण्याची कबुलीही आहे. आर्गांला मेल्याचे सोंग घ्यायला लावते तीही त्वानेतच. बायको आनंदते, मुलगी हंबरडा फोडते. आपल्यावर माया कोणाची, हे आर्गांला कळते. त्याच्या दुखण्याची मुळे या प्रश्नात गुंतलेली होती, असे मला वाटते.

नाटककाराशी माझे भांडण शेवटाबद्दल आहे. डॉक्टराच्या अंगाला हात लावायची छाती कोणत्याच रोगाला होत नाही, असे त्वानेत सांगते. आणि खोट्या लॅटिनच्या धुमधडाक्यात आर्गांलाच डॉक्टर करून टाकतात. प्रेक्षक खूश होतात, पण आर्गांची भीती होती तिथेच राहते. तिला झगा तेवढा नवा मिळाला.

आजचे वैद्यक या बाबतीत पुष्कळ पुढे आले आहे. ‘हायपोकाँड्रियासिस’ हे नाव अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या वर्गीकरणातून काढले; ते शिवीसारखे झाले होते, हे त्याचे एक कारण. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा, बरगड्यांखालची जागा. ‘तुम्हांला काही झालेले नाही’ हे वाक्य चार दिवस पुरते, मग शंका पुन्हा डोके वर काढते, हेही आता ठाऊक आहे. तपासण्यांवर तपासण्या केल्याने शंका मिटत नाही, वाढते. भीतीच्या विचाराला तपासून पाहायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत अनेकांना उपयोगी पडते. आणि एकाच डॉक्टरने ठरल्या वेळी नेमाने भेटणे, हाही मोठा आधार ठरतो.

मामांना असा एक डॉक्टर उतारवयात लाभला. त्याने सांगितले, ‘‘दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी या. दुखो वा न दुखो.’’ मामा जात, पंधरा मिनिटे बोलत आणि परत येत. डबा हळूहळू हलका झाला. पुरता रिकामा मात्र कधी झाला नाही.

मोलिएरचे स्वतःचे दुखणे मात्र काल्पनिक नव्हते. त्याची छाती पोखरली होती, खोकला पाठ सोडत नव्हता. नाटकात आर्गांचा भाऊ बेराल्द म्हणतो, की औषधे पचवायला अंगात जोर लागतो. मोलिएरजवळ आपले दुखणे सोसण्यापुरताच जोर उरला आहे. प्रेक्षक यालाही हसले असतील. 17 फेब्रुवारीला, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावरच झटका आला. प्रयोग त्याने पुरा केला आणि काही तासांत घरी प्राण सोडला. वय 51.

समोरचे दुखणे खरे की खोटे, हे त्या हसणाऱ्यांना ओळखता आले नाही. पाडव्याच्या सकाळी मलाही ते कोठे ओळखता आले होते? नाडीत काही नसेल. पण ती पाहणाऱ्या मामांचा हात थरथरत असे, आणि नक्कल करताना मी ती थरथरही उचलली होती.