पाच रंग, एक जमाखर्च

आमच्या वणीजवळच्या राजूरला कोळशाच्या धुळीने सगळे रंग अखेर एकच होतात. म्हणूनच की काय, ‘क्रोमा स्क्वॉड’मधल्या पाच रंगांच्या पाच वीरांवर माझा जीव जडला. हा संगणकी खेळ ब्राझीलच्या बिहोल्ड स्टुडिओजने २०१५ साली काढला. जपानी टीव्हीवर अशी रंगीत पथके १९७५ पासून राक्षस बडवीत आली आहेत. इथे मात्र पाच स्टंटवाले नोकरी सोडून तसली मालिका स्वतःच काढतात. (नोकरी सोडून! आम्ही बँकवाले हे दोनदा वाचतो.)

पटावर चाली रचायच्या, पण राक्षस नुसता मारून भागत नाही. पाचांनी घेरून एकत्र शेवटचा घाव घातला तर प्रेक्षक खूश. एकट्याने उरकला तर झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक पहिल्याच अंकात मेल्यासारखे होते. प्रेक्षक आले तर पैसा, पैसा आला तर नवी सामग्री. तोवर पुठ्ठा नि चिकटपट्टीवर भागवा. ही ओढाताण अगदी खरी उतरली आहे.

महारोबोची लढाई मात्र रटाळ. ठोसा, परत ठोसा, नेम चुकेपर्यंत ठोसा. काउंटरवरचे शिक्के बरे. ती मी कशीबशी उरकतो आणि हिशेबाच्या पानावर येतो.

“बाबा, लढा ना आता!” पोरगा ओरडतो.

“थांब लेका, आधी शिल्लक पाहू दे.”