बारी सगळे बघतात, लिहितो कोण?

२०२३ च्या आयपीएलमध्ये केदार जाधव सुरुवातीला कोणत्याच संघात नव्हता. तो जिओ सिनेमावर मराठीत समालोचन करत होता. मे महिना लागला, डेव्हिड विली जायबंदी झाला आणि बंगळुरूच्या संघानं माइकसमोर बसलेल्या केदारला थेट बोलावून घेतलं. किस्सा तेव्हा गमतीनं सांगितला गेला. त्यातली दुसरी गोष्ट मात्र मागे पडली: मराठीतून खेळ बोलण्याला आता बाजार आहे. त्यासाठी स्टुडिओ उभे राहतात, माजी खेळाडूंशी करार होतात. मराठीतून खेळ लिहिण्याला असा बाजार आहे का, हे तपासायचं तर निगडी, भोसरी, चाकण, खेड हा पट्टा बरा. इथे खेळांना तोटा नाही, प्रेक्षकांना तर नाहीच. लिहून चार पैसे मिळवू पाहणारी पोरंही आहेत. यातली काही कंपनीत पाळी करून रात्री कॉपी पाठवतात.

सगळ्यात सहज मिळणारं काम म्हणजे घरबसल्या बातम्या लिहिण्याचं. २००९ मध्ये सुरू झालेल्या बंगळुरूच्या स्पोर्ट्सकीडानं बाहेरच्या लेखकांकडून मजकूर घेण्याची पद्धत रुळवली आणि २०१९ मध्ये नझारा टेक्नॉलॉजीज त्या कंपनीत उतरली. मराठीत ‘महा स्पोर्ट्स’सारखी फक्त खेळाला वाहिलेली पोर्टलं आली, दैनिकांच्या संकेतस्थळांनीही क्रीडा विभाग वाढवले. मोबदला लेखामागे ठरतो, किंवा महिन्याला अमुक इतके लेख असा. आता लेख म्हणजे काय? एखाद्या क्रिकेटपटूनं इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो, माजी खेळाडूचं यूट्यूबवरचं विधान, सामन्यातला एखादा झेल. ‘पाहा व्हिडिओ’चं शेपूट लावलेला मथळा, पहिल्या परिच्छेदात तोच मथळा फिरवून, तिसऱ्यात आकडेवारी. डेस्कवर याला ‘बातमी फिरवणं’ म्हणतात आणि शब्द अगदी चपखल आहे. लिहिणारा चिंचवडमध्ये बसलाय की चेन्नईत, यानं काडीचाही फरक पडत नाही.

दुसरं काम ‘आजची ड्रीम टीम’ सांगण्याचं होतं. खेळपट्टी, हवामान, संभाव्य अकरा, कर्णधार कोणाला करावं, उपकर्णधार कोणाला. रोज सामने, म्हणून रोज मजकूर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळण्याचे सगळे खेळ बंद झाले, ड्रीम इलेव्हननं सशुल्क स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरूनही तिचं नाव गेलं. जर्सीच्या प्रायोजकाची चर्चा देशभर झाली. या खेळाच्या आधारावर उभं असलेलं लिखाणाचं छोटं दुकानही त्याच आठवड्यात डबघाईला आलं, त्याची चर्चा कोण करणार? खरं सांगायचं तर त्या लिखाणासाठी फार हळहळण्याचं कारण नाही. पण क्रिकेट लिहून पहिली कमाई अनेकांनी तिथेच केली होती.

जुने लोक म्हणतात, आमच्या काळी असं नव्हतं. म्हणजे नक्की कसं होतं? १९६२ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकरांनी खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, क्रीडा संपादक हे पद मराठीत खरं केलं. संदीप पाटील संपादक असलेल्या ‘एकच षटकार’नं दाखवून दिलं, की मराठी माणूस खेळाच्या नियतकालिकासाठी खिशात हात घालतो. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर मराठी समालोचनाची भाषा घडवली. द्वारकानाथ संझगिरींनी क्रिकेटवर इतकं लिहिलं, की मराठी घरांत लॉर्ड्स आणि मेलबर्न शेजारच्या गल्लीइतकी ओळखीची झाली. पण ६ फेब्रुवारी २०२५ ला गेलेले संझगिरी पेशानं स्थापत्य अभियंता होते आणि त्यांचा पगार मुंबई महापालिकेतून येत होता. मराठीतला सगळ्यात लोकप्रिय क्रिकेट लेखक हा एका अर्थी नोकरी सांभाळून लिहिणारा मुक्त लेखक होता. तेव्हा, लिहून पोट भरण्याचा एखादा सुवर्णकाळ होता आणि मोबाइलनं तो बुडवला, ही गोष्ट काही पटण्यासारखी नाही. फरक आहे तो दुसरीकडे. संझगिरी सामन्याला जात. आज पैसे मिळतात ते न जाता लिहिण्याचे.

गहुंजेचं उदाहरण घ्या. मावळातलं हे मैदान द्रुतगती मार्गाला लागून, पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर. डिसेंबर २०१२ मध्ये इथे भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली. फेब्रुवारी २०१७ च्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं ७० धावांत १२ बळी घेतले, भारत १०५ आणि १०७ धावांत आटोपला आणि आयसीसीनं खेळपट्टीला ‘निकृष्ट’ शेरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिचेल सँटनरनं तेरा बळी टिपले आणि २०१२ नंतर प्रथमच भारत घरच्या मैदानावर कसोटी मालिका हरला. सात-आठ वर्षांच्या अंतरानं त्याच मैदानावर फिरकीपुढे भारताची तशीच दाणादाण उडाली. गावातल्या लेखकासाठी याहून चांगला विषय कोणता? माती कुठून येते, पाणी कधी बंद करतात, मैदानावरचे कर्मचारी काय सांगतात. पण प्रेस बॉक्सचा पास सहसा संस्थेच्या नावावर मिळतो, एकट्यादुकट्या लेखकाला तो मिळवणं अवघड. म्हणून रावेतमध्ये राहणारा मुलगाही गहुंजेची कसोटी टीव्हीवर बघून लिहितो आणि त्याचा लेख इतरांच्या लेखांत हरवून जातो. पासाशिवायचेही विषय आहेत. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात त्यानं एका षटकात सात षटकार मारले, तेव्हा त्या अकादमीत दुसऱ्या दिवशी जाऊन बसणं इथल्या कोणालाही शक्य होतं. त्यासाठी पास लागत नाही.

आता घाटाकडे, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या चढाकडे वळू, कारण या पट्ट्याचा खरा खेळ तिथे आहे. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत जत्रा म्हटली की बैलगाडा आला. पुढे घोडी, मागे चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि घाट चढायला लागलेले सेकंद. त्या सेकंदांवर बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, ठरते आणि ‘घाटाचा राजा’ कोण तेही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. मधल्या मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतल्या चिखलीत अशी शर्यत झाली, की बक्षिसांच्या यादीत दुचाक्या होत्या आणि जेसीबीसुद्धा.

या खेळाची आज ऑनलाइन दुनिया मोठी आहे. घाटावर ड्रोन उडतो, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं, निवेदकाचा आवाज खेडपासून आखातात नोकरीला गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. नामांकित बैलांचे चाहते आहेत, त्यांच्या नावाची रील्स आहेत. आणि लिखाण? दैनिकाच्या आतल्या पानावर ‘यात्रा उत्साहात’ अशी बातमी, त्यात मान्यवरांची नावं आणि विजेत्यांची यादी. बंदीची बाजू मांडणाऱ्या प्राणिमित्रांचं म्हणणं एका टोकाला, परंपरेचा जयघोष दुसऱ्या टोकाला. बैल विकत घेण्यापासून त्याच्या खुराकापर्यंतचं अर्थकारण, नव्या नियमांत घाटाची लांबी आणि पशुवैद्यकीय तपासणी प्रत्यक्षात कशी पाळली जाते, एमआयडीसीत जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या घरात बैलजोडीला काय जागा उरली, यांवर सलग वाचण्यासारखं मराठीत फार थोडं आहे. क्रीडा पान बैलगाड्याला खेळ समजत नाही, ग्रामीण पान त्याला जत्रा समजतं.

कुस्तीची अवस्था याहून वेगळी आणि जास्त चिंतेची. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत महेंद्रला ‘बाहेरची टांग’ या डावावर चार गुण मिळाले आणि राज्यभर गदारोळ झाला. मुद्दा तांत्रिक होता: प्रतिस्पर्धी नुसता खाली आला तर दोन गुण, त्याची पाठ धोकादायक स्थितीत गेली तर चार. सिकंदर त्या स्थितीत गेला का, एवढाच प्रश्न. तो समजावून सांगणारा एक नेटका लेख, चार छायाचित्रांसह, त्या रात्री प्रत्येक तालमीत वाचला गेला असता. प्रत्यक्षात व्हायरल झाली ती मंद गतीतली चित्रफीत, तीही प्रत्येकाच्या बाजूची वेगळी, आणि पंचाला धमकी आल्याची बातमी. त्या स्पर्धेची गदा खेड तालुक्यातल्या शिवराज राक्षेनं जिंकली. अंतिम लढतीत समोर महेंद्रच होता, आणि दोघेही काका पवारांच्या तालमीतले.

दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला हाच शिवराज मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळकडून हरला, पाठ टेकलीच नाही म्हणून वाद घातला आणि पंचाला लाथ मारून बसला. तीन वर्षांची बंदी आली. लाथेची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. मधल्या काळात नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन संघटनांच्या भांडणातून दोन वेगवेगळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या होत्या, एक फुलगावला, दुसरी धाराशिवला. फुलगावला सिकंदर जिंकला, धाराशिवला शिवराज. पंचांवरचा अविश्वास, संघटनांची फूट आणि त्यात भरडला जाणारा पैलवान हे एकाच धाग्यात ओवून सांगणारं लिखाण चाकणपासून अर्ध्या तासावरच्या गावातून निघू शकलं असतं. चित्रफितीला लाखो प्रेक्षक मिळतात म्हणून लिखाणाची गरज संपते असं नाही. उलट ‘काय झालं’ हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं तेव्हा ‘का झालं’ सांगणाऱ्याला जास्त किंमत यायला हवी. अजून ती येत नाही, हा मराठी क्रीडालेखनाचा आजचा सगळ्यात मोठा दोष.

मुरलीकांत पेटकरांचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहला आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आला. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला जून २०२४ मध्ये. सुवर्णपदक आणि पद्मश्री यांच्यामध्ये शेहेचाळीस वर्षं. कारखान्याच्या फाटकातून रोज आत-बाहेर करणारी अशी आणखी किती माणसं या पट्ट्यात आहेत, हे शोधायला वर्तमानपत्रांना कधी सवड झाली नाही. कंपन्यांच्या क्रीडा स्पर्धा, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या (एचए) मैदानावरचं क्रिकेट, नेहरूनगरच्या ध्यानचंद पॉलिग्रास मैदानावरची हॉकी, यांतली कित्येक नावं फक्त सेवानिवृत्तांच्या गप्पांत उरली आहेत.

खेळ लिहिण्याचं काम यंत्र करील, असं काही जण म्हणतात. अमेरिकेत गॅनेट या वृत्तपत्र कंपनीनं २०२३ मध्ये शालेय सामन्यांच्या बातम्या यंत्राकडून लिहून घेतल्या. ओहायोच्या कोलंबस डिस्पॅचमध्ये छापून आलं, की जिंकलेल्या संघाच्या टोपणनावाची रिकामी चौकट हरलेल्या संघाच्या टोपणनावाच्या रिकाम्या चौकटीवर २-१ नं विजयी. टवाळी झाली, प्रयोग थांबवावा लागला. यंत्र तेव्हापासून बरंच सुधारलंय आणि फिरवलेली बातमी ते माणसापेक्षा लवकर फिरवतं, यात शंका नाही. ‘पाहा व्हिडिओ’च्या लेखांवर उभा असलेला मुक्त लेखक म्हणूनच आज सगळ्यात कच्च्या जमिनीवर उभा आहे.

पैशाची बाजू कोणी मोकळेपणानं बोलत नाही. श्रमिक पत्रकारांसाठीचा १९५५ चा कायदा नोकरीतल्या पत्रकारांसाठी होता, लेखामागे पैसे घेणारा त्याच्या बाहेर. करार बहुधा तोंडी. मानधन दोन-तीन महिने मागे. रक्कम मर्यादेपुढे गेली की दहा टक्के टीडीएस कापला जातो, आणि विवरणपत्र न भरल्यामुळे परत मिळण्यासारखा तो पैसाही तसाच राहतो. पाठवलेल्या लेखाची तारीख आणि ठरलेली रक्कम लिहून ठेवणं, वर्षातून एकदा कापलेल्या कराची नोंद उघडून पाहणं, एवढी साधी शिस्तही अनेकांना कोणी शिकवलेली नसते. पत्रकारितेच्या वर्गांत बातमीचा इंट्रो शिकवतात, बिल कसं करायचं ते नाही.

तरीही काही वाटा दिसतात. सुनंदन लेले दौऱ्यावरून लेख लिहितात आणि तोच अनुभव स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर बोलतात. लिहिणं आणि बोलणं एकमेकांना पोसतं. ‘क्रिकहीरोज’वर गल्लीतल्या टेनिस बॉल सामन्याचाही धावफलक चेंडूगणिक भरला जातो आणि स्कोअरर त्याचे पैसे घेतो. २०२३ पासून गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणेरी बाप्पा, रत्नागिरी जेट्स, कोल्हापूर टस्कर्स अशा संघांना समाजमाध्यमांसाठी मजकूर लागतो. हे काम पत्रकारितेचं नाही, प्रसिद्धीचं आहे, आणि दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर बसत नाहीत. संघाकडून पैसे घेणाऱ्यानं त्याच संघावर समीक्षा लिहू नये, हा नियम लहान पट्ट्यात पाळायला कठीण जातो, कारण आयोजक, प्रायोजक आणि वार्ताहर एकाच लग्नात जेवत असतात.

चैत्र-वैशाखात जत्रा सुरू झाल्या की यात्रा समित्यांचा खर्चाचा कागद तयार होतो. त्यात मंडप असतो, निवेदकाचं मानधन असतं, कॅमेरे आणि ड्रोन असतात, थेट प्रक्षेपणवाल्याचे पैसे असतात. बंदीच्या आधी कोणत्या घाटात किती सेकंदांची बारी लागली होती, ते जुन्या गाडामालकांना तोंडपाठ आहे. ते लिहून घेणाऱ्याचं नाव त्या कागदावर नसतं.