शोकाची गोधडी: मिसूरी पेटवे यांची कलाकृती

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड वस्तीत मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी, ती मायेने पांघरता यावी, हा हेतू मुलीने पुढे सांगितला. २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या संग्रहालयाच्या भिंतीवर आल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना अमूर्त चित्रांशी केली. ही तुलना गौरवाची, पण अपुरी आहे. इथले विटलेले कापड केवळ रंगयोजना नव्हे. तो एका माणसाच्या श्रमाचा पुरावा आहे. मात्र तिला निव्वळ शोकवस्तू म्हणणेही अन्यायकारक, कारण कोणता तुकडा कुठे जोडायचा हा निर्णय कलावंताचाच असतो. घरची गोधडी पाहतानाही दोन्ही प्रश्न विचारा: ती कशी रचली आणि कोणाच्या कपड्यांतून?