नंबर लावण्याची जागा

अमेरिकेतल्या मॉलमधल्या व्हिडिओ आर्केड का बंद पडल्या, याचे एक ठरलेले उत्तर आहे : खेळाचे यंत्र घरात आले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण यंत्रांपाशीच थांबतात. यंत्रासमोर उभ्या असलेल्या मुलाला तिथे उभे राहण्याची मुभा कोणी दिली आणि ती कोणी काढून घेतली, हे फारसे कोणी विचारत नाही. मलाही हा प्रश्न सुचला तो एक न्यायालयीन निकाल वाचताना.

१९७६ साली ‘अलादीन्स कॅसल’ या कंपनीने टेक्सासमधल्या मेस्कीट शहरातील टाऊन ईस्ट मॉलमध्ये खेळघर काढायचे ठरवले. नाण्यावर चालणारे खेळ १७ वर्षांखालील मुलांनी पालकांशिवाय खेळू नयेत, असा त्या शहराचा नियम होता. नगर परिषदेने मॉलमधल्या खेळघरांसाठी ही अट ७ वर्षांपर्यंत खाली आणली खरी. पण कंपनीचे ‘गुन्हेगारी घटकांशी संबंध’ असल्याचे कारण देऊन परवाना नाकारण्यात आला. कंपनी कोर्टात जिंकली, तेव्हा परिषदेने १७ वर्षांची अट पुन्हा लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे फेब्रुवारी १९८२मध्ये निकाल लागला, पण वयाच्या अटीचा मुद्दा न सुटता खालच्या न्यायालयाकडे परत गेला.

एका मॉलमधल्या चार खेळांसाठी एवढा खटाटोप का झाला, हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९५६ साली मिनियापोलिसजवळच्या एडायनामध्ये साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा वास्तुकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. अमेरिकी उपनगरांना गावासारखा चौक मिळावा, ही त्याची इच्छा होती. मोठ्यांना तिथे बाजार मिळाला. मुलांना मात्र चौक मिळाला तो आर्केडमध्येच, असे माझे मत आहे.

१९७८मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८०मध्ये ‘पॅक-मॅन’ आल्यावर ही खेळघरे भरून वाहू लागली. पंचवीस सेंटच्या एका नाण्यात तीन ‘जीव’ मिळत. खेळ लवकर संपावा अशीच त्याची रचना असे, कारण यंत्राची कमाई त्यावरच होती. पण याच घाईतून रांग तयार झाली. पुढचा डाव आपला, हे सांगण्यासाठी मुले यंत्राच्या कडेवर नाणे ठेवत. हे वाचले आणि मला आमच्या गावचा कॅरम क्लब आठवला. तिथेही आम्ही ‘नंबर लावून’ तासभर नुसते बघत उभे राहायचो. जे काही शिकलो ते त्या बघण्यातून, आणि बघण्याचे पैसे पडत नव्हते. आर्केडमध्ये जास्त गुण मिळवणाऱ्याला पडद्यावर आपली तीन आद्याक्षरे ठेवता येत. बऱ्याच यंत्रांत वीज गेली की ती पुसली जात. तरीही शाळा आणि घर सोडून तिसऱ्या ठिकाणी त्या मुलाचे नाव लागलेले असे.

या जागेला मी निष्पाप म्हणत नाही. मुलांच्या खिशातली नाणी काढणे हाच तिचा धंदा होता आणि गर्दी बहुतांशी मुलग्यांचीच असे. १९८३च्या सुमारास लाट ओसरली. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने तिला पुन्हा जीव दिला, तोही दोन अनोळखी मुलांना शेजारी उभे करून. १९९५मध्ये प्लेस्टेशन अमेरिकेत आले आणि ठरलेले उत्तर इथेच संपते.

मला त्याच्या पुढचे वर्ष महत्त्वाचे वाटते. साउथडेलपासून काही मैलांवरच्या ब्लूमिंग्टनमध्ये ‘मॉल ऑफ अमेरिका’ आहे. १९९६मध्ये या मॉलने नियम केला : शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. पुढे इतर अनेक मॉलनी तोच मार्ग धरला. मेस्कीटला जे कायद्याने करताना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ते मॉलच्या मालकाने एका नियमात केले. चौकाला मालक असला की असेच होते. आणि घरातल्या यंत्राने तर मेस्कीटची अट तंतोतंत पाळली : मूल खेळते, पण पालकांच्या छपराखाली. म्हणून खेळ संपला असे मी म्हणणार नाही. संपली ती एकट्याने जाऊन उभे राहण्याची मुभा.

मध्यंतरी भाच्याला घेऊन आपल्याकडच्या एका मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये गेलो होतो. तिथे नाणी नाहीत, कार्ड आहे. ते माझ्याकडून भरून घेतले गेले. त्याचा खेळ संपला तेव्हा पुढच्या यंत्रावर एक मुलगा चांगला खेळत होता. भाचा त्याच्यामागे बघत उभा राहिला. कार्डात पैसे नसतील तर जागा मोकळी करा, असे तिथल्या कर्मचाऱ्याने मला सांगितले, त्याला नाही.