डोंगर दिसला, माणसे कुठे गेली?

योसेमिटीला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले आहेत. भारतातून आई-वडील आले की बे एरियातल्या मराठी कुटुंबाची एक फेरी तिकडे ठरलेलीच. टनेल व्ह्यूपाशी गाडी थांबते, सगळे कठड्याशी ओळीने उभे राहतात आणि फोटो पुण्याला रवाना होतो. त्याच दरीत गेल्या हिवाळ्यात मी छायाचित्रणाच्या चार दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. शिबिर उत्तम होते, पण तिथे जी दृष्टी शिकवली जाते ती तपासून पाहण्यासारखी आहे.

या परंपरेचे मूळपुरुष ॲन्सेल ॲडम्स. १९५५ पासून १९८१ पर्यंत त्यांनी योसेमिटीत दरवर्षी वर्ग घेतले. कळ दाबण्याआधी चित्र डोक्यात तयार हवे, ही त्यांची शिकवण. १९२७ च्या एप्रिलमध्ये हाफ डोमसमोर त्यांच्याजवळ दोनच काचेच्या प्लेटा उरल्या होत्या. पहिली पिवळा फिल्टर लावून घेतली. मग लक्षात आले, की मनात भरलेला कडा असा येणार नाही. शेवटच्या प्लेटला गडद तांबडा फिल्टर लावला, आकाश जवळजवळ काळे झाले आणि ‘मोनोलिथ’ साकारले.

फ्रेड आर्चर यांच्याबरोबर त्यांनी १९४० च्या सुमारास बसवलेली झोन पद्धत तर इंजिनियरला आवडावी अशीच. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट. मीटर समोरची प्रत्येक वस्तू पाचव्या, मध्यम करड्या पायरीवर आणू पाहतो. म्हणून त्याच्या भरवशावर घेतलेला बर्फ मळकट येतो. तो सातव्या-आठव्या पायरीवर न्यायचा निर्णय आपण घ्यायचा. यंत्राने मोजावे, माणसाने ठरवावे. डिजिटल कॅमेऱ्यातही हे तत्त्व बाद झालेले नाही.

माझी तक्रार याच्या पुढची आहे. चारही दिवस एक सूचना सारखी कानावर येत होती: माणसे चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबा. ॲडम्सच्या गाजलेल्या योसेमिटी-चित्रांत माणूस जवळजवळ नसतोच, मग शिष्यांच्या चित्रांत कुठून असणार? पण ही दरी निर्मनुष्य नव्हती. अहवाहनीची लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन त्यांना हुसकायला दरीत शिरली, आणि त्यांच्या वंशजांच्या वस्तीतली उरलीसुरली घरे १९६९ मध्ये नष्ट केली गेली. ‘अस्पर्श निसर्ग’ हाही माणसांनीच घडवलेला देखावा आहे.

ॲडम्सना माणसे दिसत नव्हती असे मात्र नाही. याच सिएराच्या पूर्व पायथ्याशी मान्झानारच्या छावणीत जपानी वंशाची कुटुंबे डांबली होती, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक. १९४३ मध्ये ॲडम्सनी तिथे जाऊन त्यांचे चेहरे टिपले आणि १९४४ मध्ये त्याचे पुस्तक केले. आमच्या शिबिरात मान्झानारचा उल्लेखही झाला नाही. आशियातून येऊन इथे घर केलेल्या आपल्यासारख्यांना हे मौन खटकायला हवे.

तेव्हा शिबिराला जरूर जा, पण पद्धत घ्या आणि सोवळे तिथेच ठेवा. कठड्याशी आई उभी असेल तर मीटर बर्फावर नको, तिच्या चेहऱ्यावर धरा. गोऱ्या चेहऱ्यासाठी पायरी सांगतात सहावी. आपल्या सावळ्या चेहऱ्याला पाचवी चालते. मागचा बर्फ थोडा जास्त उजळला तर उजळू द्या.