सोवळ्यातून सुटलेली चूल : ‘स्मृतिचित्रे’ आणि दैनंदिन श्रमाचे ख्रिस्ती अध्यात्म

१.

रोजचे काम हीच उपासना, हा विचार ख्रिस्ती भक्तिसाहित्यात अनेक देशांत आणि अनेक पंथांत आढळतो. पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील बंधू लॉरेन्स याच्या संवादांत तो स्वयंपाकघरातून येतो. इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या कवितेत तो खोली झाडणाऱ्या नोकराच्या रूपाने येतो. मराठीत या विचाराचा शोध घेताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भजनांकडे आणि अभंगांकडे जाते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मात्र बहुधा वेगळ्या खात्यात जमा होतात. निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा, एका विलक्षण संसाराची हकीकत, असा या आत्मचरित्राचा गौरव मराठी समीक्षेने मनःपूर्वक केला. परंतु त्या ग्रंथात श्रम आणि श्रद्धा यांच्या संबंधाविषयी एक स्वतंत्र विचार आहे, आणि तो युरोपीय विचाराची केवळ मराठी आवृत्ती नाही, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

या विचाराचे वेगळेपण एका वाक्यात असे सांगता येईल : युरोपीय भक्तिसाहित्याला स्वयंपाकघर पवित्र करून घ्यायचे होते, लक्ष्मीबाईंच्या घरातील स्वयंपाकघर आधीच पवित्र होते, आणि त्या पावित्र्यातून त्याला मोकळे करणे हीच त्यांच्या श्रद्धेची पहिली कृती ठरली.

२.

बंधू लॉरेन्स (निधन १६९१) याचे पूर्वाश्रमीचे नाव निकोला एर्मां. सैनिकी पेशानंतर तो मठात आला तो धर्मगुरू म्हणून नव्हे, तर श्रम करणारा बंधू म्हणून. मठातच एक श्रेणी होती. सामूहिक प्रार्थनेची आणि अध्ययनाची जबाबदारी एका वर्गाकडे, तर स्वयंपाक, दुरुस्ती, धुणे यांची दुसऱ्याकडे. लॉरेन्सने अनेक वर्षे स्वयंपाकघरात आणि पुढे पादत्राणांच्या दुरुस्तीत घालवली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत आपल्यापुरता भेद उरलेला नाही. तव्यावरचे आमलेट परतणेही ईश्वरप्रीत्यर्थ होऊ शकते, हे त्याचे सांगणे. त्याचे संवाद आणि पत्रे त्याच्या मृत्यूनंतर आबे जोझेफ द बोफोर या धर्माधिकाऱ्याने संकलित केली. म्हणजे आचाऱ्याचा अनुभव वाचकापर्यंत पोचतो तो एका सुशिक्षित मध्यस्थाच्या शब्दरचनेतून.

जॉर्ज हर्बर्ट (१५९३–१६३३) याची स्थिती याच्या उलट आहे. तो उमराव घराण्यातला, केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता. १६३० मध्ये त्याने सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावाचे धर्मगुरुपद पत्करले आणि तीनच वर्षांत त्याचा मृत्यू झाला. ‘द टेंपल’ हा त्याचा संग्रह १६३३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातील ‘द एलिक्सर’ या कवितेत ईश्वरासाठी केलेले झाडण्यासारखे हलके कामही उजळून निघते, असा आशय आहे. त्यासाठी योजलेली प्रतिमा किमयेची आहे. मराठी वाचकाला येथे परिसाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

परीस लोखंडाचे सोने करतो. पण या प्रतिमेत एक गृहीतक दडलेले आहे. काम मुळात लोखंड आहे, हीन धातू आहे. त्याचे मोल बाहेरून, हेतूच्या स्पर्शाने यायचे आहे. लॉरेन्सच्या मठातही स्वयंपाकघर हे प्रार्थनागृहाहून खालच्या पायरीवरचे स्थान होते, म्हणूनच तेथे ईश्वर भेटतो हे सांगण्यात बंडखोरी होती. मार्टिन लूथरने आपल्या व्यवसायालाच ईश्वरी पाचारण मानले, तेव्हाही युक्तिवाद याच दिशेचा होता : मठातील जीवन श्रेष्ठ आणि चांभाराचे किंवा मोलकरणीचे जीवन कनिष्ठ, ही उतरंड मोडायची होती.

३.

लक्ष्मीबाईंचा जन्म (१८६८) ज्या मराठी ब्राह्मण घरात झाला, तेथील उतरंड वेगळ्या तत्त्वावर उभी होती. तेथे चूल हीन नव्हती. ती देव्हाऱ्याइतकीच जपली जाई. सोवळे नेसल्याशिवाय तिच्याजवळ जाता येत नसे; पाणी कोणी भरावे, अन्न कोणी शिजवावे, कोणाची सावली कोठे पडावी, याचे नियम होते. आत्मचरित्राच्या आरंभीच लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत सांगितली आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर कुटुंबावर ओढवलेल्या आपत्तीचा आघात त्यांच्या मनावर झाला आणि सोवळ्याचे रूपांतर वेडात झाले. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येईना. या धुण्याचे कष्ट अर्थातच घरातील बायकामुलांनी उपसायचे होते.

ही हकीकत लेखिका हसत हसत सांगते, त्यामुळे ती विक्षिप्त माणसाची गोष्ट म्हणून वाचली जाते. ग्रंथाच्या रचनेत मात्र तिचे स्थान कळीचे आहे. काम पवित्र झाले की ते हलके होते, असा लॉरेन्सचा अनुभव; येथे काम जितके पवित्र, तितके ते जड होत जाते. शिवाय हे पावित्र्य माणसांना जोडत नाही, त्यांच्यात अंतर पाडते. हर्बर्टचा परीस या घरात निरुपयोगी आहे, कारण येथे सगळ्याचे सोने आधीच झालेले आहे, आणि त्या सोन्याला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि हेच अंतर पतिपत्नींच्या मध्ये उभे राहिले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे राहायला आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. संसार एक, पण अन्नपाण्याची शिस्त वेगळी, अशी ती व्यवस्था होती. धर्मांतराच्या कथनांत एरवी एखादे स्वप्न, एखादे वचन किंवा पापाची जाणीव निर्णायक ठरते. लक्ष्मीबाईंच्या कथनात निर्णायक ठरतो तो एक विचार : जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. राहुरीच्या मुक्कामात हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आपण मोकळ्या आहोत, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. तत्त्व स्वीकारले आणि मग आचार बदलला, असे येथे घडत नाही. आधी ताटवाटीचा आचार बदलतो, आणि त्या बदललेल्या आचारातून श्रद्धा आकार घेते.

४.

सोवळ्यातून सुटलेली चूल नंतर कशासाठी पेटते, हे ग्रंथाच्या पुढील भागांत दिसते. दुष्काळाने निराधार झालेली मुले घरात येतात, त्यांना खाऊ घालायचे असते. प्लेगच्या काळात आजाऱ्यांची शुश्रूषा असते. पुढे, टिळकांच्या निधनानंतर, मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी येते. या कामांचे वर्णन करताना लक्ष्मीबाई त्यांना उपासना म्हणत नाहीत, सेवाधर्माचे निरूपणही करीत नाहीत. कोण आले, काय शिजवले, कोण रागावले, पैसे कसे पुरले नाहीत, एवढेच त्या सांगतात. लॉरेन्स आणि हर्बर्ट यांच्याशी तुलना केली असता हे मौन ठळकपणे जाणवते. त्या दोघांना काम पवित्र आहे असे म्हणावे लागले. पावित्र्याच्या नावाखाली काय काय केले जाते हे जिने लहानपणापासून पाहिले, तिने आपल्या कामाला पुन्हा तेच विशेषण लावू नये, यात एक सुसंगती आहे. तिच्या चुलीचा निकष शुद्धता हा राहिलेला नाही. भूक हा आहे.

या मौनाची जागा विनोद घेतो, आणि तो केवळ शैलीचा अलंकार नाही. टिळकांची उदारता प्रसिद्ध आहे. घरखर्चाचे पैसे गरजवंताच्या हाती देऊन रिकाम्या हाताने परतणारा पती या ग्रंथात पुनःपुन्हा भेटतो. चरित्रकारांच्या दृष्टीने हा संतत्वाचा पुरावा. पत्नीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ डब्यात पीठ नाही असा आहे. लक्ष्मीबाई त्या उदारतेवर संशय घेत नाहीत, पण तिची किंमत कोणाच्या श्रमांतून चुकती होते हे लपवीतही नाहीत. हर्बर्टच्या ‘द कंट्री पार्सन’ या मरणोत्तर, १६५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गद्यग्रंथात आदर्श धर्मगुरूच्या पत्नीची कर्तव्ये सांगितली आहेत : मुलांचे धर्मशिक्षण, घराची व्यवस्था, गावकऱ्यांच्या जखमांवर उपचार. ती पत्नी तेथे योजनेचा भाग आहे. तिला स्वतःचा आवाज नाही. ‘स्मृतिचित्रे’ हा जणू त्या प्रकरणाला आतून आलेला जबाब आहे. लॉरेन्सचा अनुभव बोफोरने लिहिला, हर्बर्टच्या नोकराचा अनुभव हर्बर्टने कल्पिला. येथे काम करणारी आणि कथन करणारी व्यक्ती एकच आहे.

निर्मितीच्या बाबतीतही हेच सूत्र टिकते. ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचे महाकाव्य त्यांच्या १९१९ मधील निधनामुळे आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. शालेय शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि त्याचा बहुतांश भाग रचला. पतीचे महाकाव्य पत्नीने पूर्ण करणे ही साहित्येतिहासातील विरळा घटना होय. परंतु घरात अर्धवट राहिलेले काम कोणीतरी हातावेगळे करायचे असते, या वृत्तीशी ती विसंगत नाही. कविता आणि स्वयंपाक यांत श्रेष्ठकनिष्ठतेची पायरी लेखिका मानीत नाही.

५.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. श्रमातील ईश्वरदर्शन मराठीला परके नाही. सावता माळ्याचा मळा, गोरा कुंभाराचा चिखल, जनाबाईचे जाते ही वारकरी परंपरेची सर्वपरिचित स्थाने आहेत, आणि तुकोबांमार्फत आपण ख्रिस्तापर्यंत आलो ही जाणीव टिळकांनी स्वतःच व्यक्त केली आहे. मग मराठी घरातील पावित्र्य केवळ अंतर पाडणारे होते असे कसे म्हणावे?

आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळे तुलनेची रेषा अधिक नेमकी होते. वारकरी संत लॉरेन्सच्या जवळचे आहेत. तेथे देव कामकऱ्याकडे येतो, त्याच्याबरोबर राबतो. परंतु जनीबरोबर दळू लागणारा देव आणि जनीच्या हातची भाकरी खाणारा शेजारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भक्तीने साधली. दुसरीपाशी समाज अडला. चोखामेळ्याच्या आख्यायिकांत देव त्याच्या कामात सहभागी होतो, पण ते काम जातीने ठरवलेले असते आणि जातीकडेच राहते. लूथरच्या पाचारणाच्या कल्पनेतही ज्याने त्याने आपल्या स्थानी राहावे हा भाग होताच. काम पवित्र म्हणण्याने काम करणाऱ्याचे स्थान बदलतेच असे नाही. लक्ष्मीबाईंचे निधन झाले त्याच वर्षी, १९३६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामांपुरती विभागणी करून थांबत नाही; ती माणसांनाच श्रेणीबद्ध कप्प्यांत बंद करते. टिळकांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या ‘देवाचा दरबार’ या संघात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही स्थान होते. समुदायाच्या सीमा सैल करण्याचा हा प्रयत्न लक्ष्मीबाईंच्या पंक्तीत त्याआधीच सुरू झाला होता.

तथापि ‘स्मृतिचित्रे’ला मराठी ख्रिस्ती अनुभवाचा एकमेव प्रतिनिधी मानणे चुकीचे ठरेल. सोवळे सोडणे ही ज्याच्याकडे सोवळे आहे त्याचीच कृती असू शकते. अहमदनगर परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत मोठा वाटा अस्पृश्य मानलेल्या जातींचा होता. त्यांच्या दृष्टीने प्रश्न कामाचे पावित्र्य उतरवण्याचा नव्हता. गावकीच्या सक्तीच्या, अवमानकारक कामांतून सुटण्याचा होता. त्यांना काम हीच पूजा असे सांगणे म्हणजे जुन्याच बेडीला नवे नाव देणे झाले असते. चर्चमध्येही जातिभेद शिल्लक राहिला, ही वस्तुस्थिती या प्रश्नाची तीव्रता वाढवते. त्या घरांतील चुलींची स्मृतिचित्रे अभिजात मानल्या गेलेल्या मराठी ग्रंथसंग्रहात अभावानेच आढळतात. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाचे मोठेपण मान्य करूनही ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.

६.

‘स्मृतिचित्रे’ची इंग्रजी भाषांतरे १९५०, २००७ आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि आज हा ग्रंथ मराठीबाहेरच्या वर्गांतही वाचला जातो. अशा वाचनात ‘सोवळे’ या शब्दापाशी थांबणे भाग आहे. त्याला केवळ शुद्धतेचा प्रतिशब्द देऊन भागत नाही. सोवळे म्हणजे एक वस्त्र, एक स्थिती, एक अंतर, आणि ते राखण्यासाठी पहाटेपासून उपसलेले पाणी. हे सारे ध्यानात आले नाही, तर कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निर्णय हा एका सनातनी घरातील स्त्रीने केलेला किरकोळ सुधार वाटेल. ते ध्यानात आले, तर लॉरेन्सचे आमलेट आणि लक्ष्मीबाईंचे पिठले यांतील नाते आणि अंतर दोन्ही स्पष्ट होतात. एकाने चुलीपाशी देव आणला. दुसरीने चुलीपाशी माणसे येऊ दिली, आणि त्यानंतर देवाविषयी फारसे बोलण्याची गरज तिला वाटली नाही.